चार सह्यांचं लग्न

ताई,

मी २९ वर्षांची आहे, पुण्यात कॅम्पात वाढले. आमचं घर इराणी. पणजोबा यझ्दकडून आले, तेव्हापासून आम्ही इथले. धर्मानं बहाई, म्हणजे एकोणिसाव्या शतकात इराणातून निघालेल्या एका स्वतंत्र धर्माचे. ऑफिसात ओळख झालेल्या मुलाशी मला लग्न करायचं आहे. तो मराठा, गाव कऱ्हाडजवळ. माझ्या आईबाबांनी होकार दिलाय. पण आमच्या धर्मात दोघांच्याही हयात आईवडिलांची, म्हणजे चौघांची संमती लागते, मग ते बहाई असोत वा नसोत. त्याच्या आईंना आम्ही मुसलमान वाटतो. गेल्या गणपतीत त्यानं विषय काढला तर त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. त्यानंतर त्यानं विषयच काढलेला नाही. वडील तो सहावीत असताना घर सोडून गेले, सांगलीत त्यांचा दुसरा संसार आहे. ज्या माणसानं मुलाची फी भरली नाही त्याचीही सही हवी!

तो म्हणतो, गुपचूप रजिस्टर करून टाकू, आई येईल हळूहळू वळणावर. बाबा म्हणतात, तसं केलंस तर तुझे हक्क काढून घेतील. चुलत भाऊ म्हणतो, दुसऱ्या कुठल्या तरी कागदाच्या नावाखाली आईंची सही घ्या. मला लहानपणापासून शिकवलंय की सत्य ज्याचं त्यानं शोधायचं, आमच्यात पुरोहित नाहीत, स्त्री-पुरुष समान. मग ज्या बाईंना बहाई म्हणजे काय हेही माहीत नाही, त्यांच्या हातात माझं लग्न का? मला वाळीत टाकतील का? की धर्मच सोडून देऊ?

– मधल्यामध्ये, पुणे

प्रिय मधल्यामध्ये,

चुलत भावाचं आधी निकालात काढू. सोसायटीचा फॉर्म आहे, बँकेचा कागद आहे असं सांगून घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. तुमच्याकडे संमती मोकळ्या मनानं आणि लग्न नेमकं कोणाशी आहे हे समजून दिलेली लागते. सभेला, म्हणजे तुमच्या समाजाचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाला, हा प्रकार कळला तर सगळं तिथंच फिसकटेल. नाही कळला तर दर दिवाळीला सासूबाईंसमोर फराळाला बसताना तुझ्या पोटात गोळा येईल. भावाला म्हणावं, हुशारी दुसरीकडे वापर.

वाळीत टाकण्याची भीती मला समजते. आपल्याकडे जातपंचायतींनी जातीबाहेर लग्न केलेल्यांशी गावाला बोलू दिलेलं नाही, त्यांच्या घरच्या मयताला माणसं येऊ दिलेली नाहीत. म्हणून तर महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तुझ्या बाबतीत जे होऊ शकतं ते यापेक्षा पुष्कळ वेगळं आहे. संमतीशिवाय लग्न करणार असं कळलं की स्थानीय आध्यात्मिक सभा तुला बोलावेल, समजावेल, ताकीद देईल. तरीही केलंस तर राष्ट्रीय सभा तुझे प्रशासकीय हक्क काढून घेऊ शकते. म्हणजे रिझवान सणातल्या सभेच्या निवडणुकीत मत देता येणार नाही, कोणी तुला निवडूनही देऊ शकणार नाही, दर १९ दिवसांनी भरणाऱ्या तुमच्या फीस्टला, म्हणजे समाजाच्या बैठकीला, बसता येणार नाही आणि निधीला पैसे देता येणार नाहीत. (वर्गणी घ्यायला नकार देणं ही शिक्षा समजणारी दुसरी संस्था मला महाराष्ट्रात तरी ठाऊक नाही.) पण तू बहाईच राहतेस. तुझी प्रार्थना, तुझा उपवास कोणी थांबवत नाही. आईबाबांकडे जेवायला जाण्यावर कसलीही बंदी येत नाही. संबंध तोडण्याची शिक्षा तुमच्याकडे आहे, पण ती धर्माच्या मध्यवर्ती अधिकारालाच आव्हान देणाऱ्या करारभंग्यांसाठी. लग्नाचा तिच्याशी संबंध नाही. शिवाय गेलेले हक्क कायमचे जात नाहीत. पुढे राहिलेली संमती मिळवलीस आणि बहाई विधी करून घेतलास की ते परत मागता येतात.

हे ऐकून हायसं वाटलं असेल तर थोडं थांब. जन्मापासून ज्या फीस्टला आईच्या मांडीवर बसून गेलीस, तिथं आईबाबा निघालेत आणि तू घरी, हे दर १९ दिवसांनी होणार. नवऱ्याला यातलं काहीच जाणवणार नाही, कारण त्याचं काहीच गेलेलं नसेल.

आता तुमच्या धर्माच्या या संमतीच्या कायद्याकडे येऊ. बाबांनी तो तुला सांगितला, पण कशासाठी केला ते सांगितलं का? तुमच्या धर्माचे संस्थापक बहाउल्लाह यांनी किताब-ए-अकदस हा नियमांचा ग्रंथ १८७३ च्या सुमारास अक्का या उस्मानी तुरुंगनगरीत लिहिला. (तो पहिल्यांदा छापला गेला मात्र मुंबईत, १८९०-९१ मध्ये.) त्यात ते सांगतात की त्यांच्या आधीचे धर्मप्रवर्तक बाब यांच्या बयान या ग्रंथात फक्त वधूवरांची संमती पुरेशी होती. माणसांमध्ये प्रेम आणि एकोपा रहावा, दोन घरांत वैर उभं राहू नये म्हणून आपण आईवडिलांची परवानगी त्याला जोडली. पुढे त्यांचे पुत्र आणि वारस अब्दुल-बहा यांनी क्रमही स्पष्ट केला: आधी तू निवडायचं, मग आईवडिलांना विचारायचं, आणि तू निवडण्याआधी त्यात पडण्याचा त्यांना हक्क नाही. त्या काळच्या इराणात मुलीचं लग्न बाप ठरवून मोकळा होत असे. त्या पार्श्वभूमीवर हा मुलीला दिलेला पहिला शब्द होता. तुझ्या तक्रारीत ही बाजू आलेली नाही म्हणून सांगितली.

पण शेवटचा शब्द आईवडिलांकडेच राहिला, हे तुझं म्हणणं खरं आहे. अब्दुल-बहांनंतर धर्माची धुरा सांभाळणारे त्यांचे नातू शोगी एफेंदी यांच्या मार्गदर्शनात हे अगदी ठाम आहे: आईवडील कुठल्याही धर्माचे असोत, एकत्र राहत असोत वा वेगळे, संमती चौघांची लागते. शिवाय नकार देणाऱ्याला कारण देण्याची सक्ती नाही. संमती देणं न देणं पूर्णपणे त्याच्या मर्जीवर, त्याचा जाब तो देवाकडे देईल.

मी बहाई नाही, त्यामुळे माझं मत मोकळेपणानं सांगते. मला हा कायदा आवडत नाही. दोन घरांत वैर नको हा हेतू चांगला आहे, पण आपल्याकडे आईबापांच्या नकारामागे बहुतेक वेळा जात असते, नाहीतर धर्म. म्हणजे सगळी माणसं एक मानणाऱ्या तुमच्या धर्मानं कऱ्हाडच्या भावकीच्या हातात नकाराची किल्ली दिली आहे. 'ते देवाला जाब देतील' हे उत्तर श्रद्धाळू माणसाला पुरत असेल, पण त्यानं लग्नाची तारीख निघत नाही.

तरी 'आमच्यात तर स्वतंत्र सत्यशोधन आहे' या तुझ्या वाक्यापाशी मी अडले. ते तत्त्व या धर्मात यायचं की नाही, हे ठरवण्यासाठी आहे. म्हणूनच बहाई घरात जन्मलेलं मूलही १५ व्या वर्षी स्वतः निर्णय घेतं. आत आल्यावर नियम पाळायचे, ही अट कोणी लपवलेली नाही. अकदसमध्येच स्वातंत्र्यावर स्पष्ट लिहिलं आहे: काही बाबतींत ते मान्य, काही बाबतींत अमान्य, आणि खरं स्वातंत्र्य ईश्वराच्या आज्ञा पाळण्यात. हे वाचून माझ्या कपाळावर आठी येते. तुझ्याही येत असेल, तर प्रश्न फक्त लग्नाच्या नियमाचा उरत नाही, त्याच्या मागच्या सगळ्या श्रद्धेचा होतो. तो एका आंतरधर्मीय लग्नाच्या घाईत सोडवू नकोस.

सक्ती नेमकी कुठवर पोचते तेही पाहा. रोजच्या तीन प्रार्थनांपैकी कुठली म्हणायची ते तू ठरवतेस, म्हटलीस का हे कोणी विचारत नाही. मार्चमधले १९ दिवसांचे उपवास केलेस की नाही, याची हजेरी नाही. हुकूकुल्लाह म्हणजे गरजा भागून उरलेल्या संपत्तीवरचे १९ टक्के, आणि ते तुझ्याकडून मागण्याचा कोणालाच अधिकार नाही. घरात काय चालतं ते खोदून काढणं सभेचं काम नाही, आणि चहाड्या करणं तर तुमच्याकडे मोठा दोष मानतात. सभा हात घालते ती उघड आणि सार्वजनिक वागण्यात: दारू पिऊन तमाशा करणं, राजकीय पक्षाचं सदस्य होणं, आणि लग्न. बाकी सारं तुझं आणि तुझ्या देवाचं. तुझं नशीब असं की तू नेमकी त्या लहानशा सार्वजनिक पट्ट्यात उभी आहेस.

नियम बदलेल, ही आशाही सोड. इस्रायलमधल्या हैफाचं विश्व न्याय मंदिर, म्हणजे तुमच्या धर्माचं सर्वोच्च मंडळ, स्वतः केलेले नियम रद्द करू शकतं, पण बहाउल्लाहांच्या ग्रंथातला नियम बदलण्याचा अधिकार त्याला नाही. (स्त्री-पुरुष समानतेचा प्रश्न तू काढलास म्हणून: त्या मंदिराचे नऊही सदस्य पुरुष असतात, हेही ग्रंथाच्याच आधारावर. वाद घालायचा असेल तर तोही रास्त आहे.) वाद घालायला बंदी नाही. २९ डिसेंबर १९८८ ला विश्व न्याय मंदिरानं अमेरिकेतल्या बहाईंना व्यक्तीच्या हक्क-स्वातंत्र्याबद्दल एक दीर्घ पत्र लिहिलं. तिथल्या काही लेखकांनी समाजाच्या कारभारावर उघड टीका सुरू केली होती, त्या काळातलं हे पत्र. त्याचा आशय असा की मत मांडा, सभेकडे मांडा, फीस्टमध्ये मांडा, पण मोहीम उघडू नका. कोणाला हे पुरेसं स्वातंत्र्य वाटेल, कोणाला तोंडाला लावलेली पट्टी. मला ते दुसरीकडे झुकलेलं वाटतं. पण तुझ्या कामापुरता अर्थ इतकाच: हा नियम तुला का बोचतो हे सभेला लेखी कळवायला तू मोकळी आहेस, त्याबद्दल कोणी तुझे हक्क काढत नाही.

राजीनाम्याचं थोडक्यात. बहाउल्लाहांवरची श्रद्धाच उरली नसेल तर लेखी कळव आणि बाहेर पड. कोणी पाठलाग करणार नाही. पण 'आधी सोडते, लग्न करते, मग परत येते' हा मार्ग तुझ्याआधी अनेकांनी शोधला आहे आणि सभांना तो चांगला ओळखता येतो. परत आलीस की तोच संमतीचा प्रश्न दारात उभा असेल, वर खोटेपणाचा डाग.

आता वडील. तुला सगळ्यात जास्त राग त्यांचा आहे, आणि गंमत म्हणजे काम तिथं सगळ्यात सोपं असण्याची शक्यता आहे. संमतीची अट काही परिस्थितींत लागू होत नाही: पालक हयात नसेल, इतकी वर्षं बेपत्ता असेल की कायदा त्याला मृत मानेल, मानसिक आजारामुळे संमती देण्यास असमर्थ ठरला असेल, किंवा करारभंगी असेल. याशिवाय पालकानं मुलाशी नातंच नाकारलं असेल किंवा त्याच्यावर गंभीर अत्याचार केले असतील, तर अशा विरळा प्रकरणांत त्याचा हक्क संपला का हे सभेमार्फत वर विचारता येतं. फी न भरणं, दुसरा संसार थाटणं एवढ्यानं हक्क आपोआप संपत नाही. माणूस सांगलीत आहे, पत्ता मिळू शकतो, तर सभा आधी म्हणेल, विचारून पाहा. मग विचारा. इतकी वर्षं मुलाला तोंड न दाखवलेला बाप बहुधा सही देऊन मोकळा होतो. त्यांनी लग्नाला यायलाच हवं असं नाही, त्यांचा मानपान कुठं ठेवायचा हा प्रश्नही नाही. 'या दोघांच्या लग्नाला माझी संमती आहे', एवढी एक ओळ पुरते. मात्र त्या सांगलीच्या फेरीबद्दल आईंना आधी सांगा. हे त्यांना बाहेरून कळलं तर सगळं संपलं म्हणून समज.

'गुपचूप रजिस्टर' ही कल्पना तुझ्या मित्राला कोणी दिली ते माहीत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायला कोणाच्याही आईबापांची संमती लागत नाही, हे बरोबर. सज्ञान माणसानं कोणाशी लग्न करावं हा तिचा किंवा त्याचा निर्णय आहे, असं सर्वोच्च न्यायालयानंही २०१८ मध्ये, केरळात वडिलांच्या विरोधात लग्न केलेल्या हादियाच्या खटल्यात ठासून सांगितलं. पण या कायद्यात ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात फलकावर लागते. मुलगा कायमचा राहणारा सातारा जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची एक प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथंही लागते. कऱ्हाडच्या एखाद्या पाहुण्यानं ती वाचून आईंना फोन करायला किती वेळ लागेल? आणि 'आईला पटत नाही' हा कायद्यानं आक्षेप होत नसला, तरी त्या संध्याकाळी घरात जे होईल त्यावर कुठलाही अधिकारी तोडगा काढू शकत नाही.

मग राहिल्या त्याच्या आई. तुझं पत्र वाचून माझ्या मनात सारखं हेच येतंय की त्यांना अजून कोणी नीट विचारलेलंच नाही. गणपतीत, घरात पाहुणे असताना, पानावर बसल्या बसल्या मुलानं एक वाक्य टाकलं. त्यांनी ताट सारलं आणि त्यानं विषय कायमचा मिटवला. त्यालाच तुम्ही दोघं नकार म्हणताय. तू त्यांना एकदाही भेटलेली नाहीस. बहाई म्हणजे मुसलमान नव्हेत, हे त्यांना कोण सांगणार होतं? फारसी नावं ऐकून तसं वाटणाऱ्या त्या काही पहिल्या नाहीत. तुम्ही कृष्णालाही ईश्वराचा अवतार मानता, मुलाला धर्म बदलावा लागणार नाही, देवघर उचलायला कोणी सांगणार नाही, बहाई विधीबरोबर त्याच दिवशी त्यांच्या पद्धतीनं लग्न लावायलाही तुमचा धर्म हरकत घेत नाही, फक्त तू आपली श्रद्धा लपवून दुसऱ्या धर्माची असल्याचं भासवायचं नाही: यातलं त्यांना काय काय माहीत आहे? जागरण-गोंधळाला तू बसशील का, कुलदैवताला जाशील का, हे त्या विचारतीलच. त्याची उत्तरं तू आजच ठरव आणि खरी ती दे. लग्नाच्या जेवणात तुमच्याकडून दारू नसेल, हेही आत्ताच सांगून टाक. त्यावर भाऊबंद कुरकुरतील, आई बहुधा नाही.

आणि एक गोष्ट त्यांना तूच सांगायला हवीस: 'तुमच्या होकाराशिवाय माझ्या धर्मात हे लग्न होत नाही.' तुला हा नियम अन्याय वाटतो. पण त्यांच्या जागी बसून बघ. नवरा निघून गेला तेव्हा या बाईंना कोणी विचारलं नाही. पुढच्या निर्णयांत भावकीनं त्यांचं किती ऐकलं असेल याचा मला अंदाज आहे. आणि एका इराणी मुलीच्या धर्मानं त्यांचा शब्द शेवटचा मानलाय. ही गोष्ट त्यांना मऊ करील की जास्त ताठ, हे मी सांगू शकत नाही. मात्र ते लाडीगोडीसाठी वापरू नकोस, तिथं बसल्यावर खरोखर विचार. 'नाही' ऐकायची तयारी असेल तरच जा.

कऱ्हाडला एकटी जाऊ नकोस. आईबाबांना घेऊन जा, आणि त्याआधी त्याच्या मामांना गाठा. बापाविना वाढलेल्या घरात मामाचा शब्द चालतो. मामा आधी तयार झाले तर निम्मं काम झालं. मुलानं पुढं बसायचं, तू नाही. खरं सांगायचं तर हे पत्र त्यानं लिहायला हवं होतं. संमतीची अट तुझ्या धर्माची असली, तरी आई त्याची आहे, आणि आत्तापर्यंत सगळा घोर तू एकटी वाहते आहेस. तो 'आई येईल वळणावर' म्हणतो तेव्हा तो आईबद्दल बोलत नसतो, एक अवघड संभाषण टाळत असतो. लग्नानंतरही अशी संभाषणं येतात.

एवढं करूनही नकार आला तर? मग थांबायचं किती, हे तुम्ही दोघांनी आजच बसून ठरवा, महिन्यांत ठरवा, आणि ती मुदत दोन्ही घरांना सांगा. मुदत संपल्यावर तू नोंदणी करायचं ठरवलंस तर मी तुला चुकलीस म्हणणार नाही. पण आधी सभेला जाऊन सांग की मी हे करणार आहे, का करणार आहे आणि परिणाम मला माहीत आहेत. आणि नाही करायचं ठरवलंस तरी ते बाबांच्या धाकानं नको. बहाई म्हणून जगताना हा नियम तुला तुझा वाटतो, म्हणून असू दे. दोन्हीपैकी काहीही केलंस तरी बरोबर असा एक माणूस लागेल जो तुझी किंमत तुझ्याबरोबर मोजेल, आणि तो तसा आहे का हे कऱ्हाडच्या फेरीत कळेल.

जाता जाता एक कामाची गोष्ट. घरची जमीन एकत्र कुटुंबाची असेल तर विशेष विवाह कायद्याचं कलम १९ पाहून घ्या. हिंदू मुलानं बहाई मुलीशी या कायद्याखाली लग्न केलं की तो एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं मानलं जातं. त्याचा हिस्सा बुडत नाही, पण भावकीत यावरून गैरसमज पेटतात, आणि आईंच्या नकारामागे हेही असू शकतं. वकिलाकडे त्यालाच पाठव. जमीन त्याच्या घरची आहे.